ब्रिस्बेनची म्हातारी आणि आमचं वाळवण

वहिनी मुलाकडून, ब्रिस्बेनहून, परत आल्या त्याला आठ दिवस झाले, पण निवांत सापडल्या त्या काल. भर अकराला अंगणात बाजेवर प्लॅस्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या. अंगात मुलाचा फुल शर्ट, डोक्यावर सुपाएवढी टोपी. मी कढीपत्त्याच्या निमित्ताने कुंपणापाशी गेले. कढीपत्ता मला नको होता.

"अहो, हे काय सोंग?"

"सोंग नाही हो, सवय. पाच महिन्यांत हात आपोआप खुंटीकडे जायला लागला. तशी मला फार गरज नाही म्हणे. तिकडचा डॉक्टर म्हणाला, तुमच्या कातडीत रंग भरपूर आहे, तीच तुमची छत्री. ज्या रंगावरून सासूबाईंनी जन्मभर बोलून घेतलं, तो छत्री निघाला बघा."

"डॉक्टरकडे कशाला गेला होतात?"

"मुलाने नेलं. तिकडे दात दाखवतात तशी कातडी दाखवायला जातात. माझे तर त्याने तळपाय बघितले, नखं बघितली. आपल्यासारख्यांना तो कातडीचा वाईट रोग क्वचित झालाच तर तिथे होतो म्हणे, आणि त्याचा उन्हाशी संबंध नाही. भेगांची मला अशी लाज वाटली!" पळीने एक पापडी सारखी करत त्या म्हणाल्या, "खरी गरज आहे ती आमच्या तिकडच्या शेजारणीला."

मी कोपर कुंपणावर टेकलं.

बाई पंचाहत्तरीची, एकटी राहणारी. तिकडेही मध्ये कुंपणच, लाकडी, छातीएवढं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर ठिगळ आहे. कॅन्सर कापून काढला आणि कानामागची कातडी तिथे लावली. रंग किंचित निराळा. ब्लाउजला दुसऱ्या ताग्यातला तुकडा जोडावा तसा, असं वहिनी म्हणाल्या.

"कॅन्सर?" माझा आवाज आपोआप खाली गेला.

"हो. आणि सांगते कशी, दाढ काढल्यासारखी! तिकडे सत्तरी गाठेपर्यंत तिघांतल्या दोघांना कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर निघतो. बहुतेक वेळेवर कापून बरे होतात, पण एक जात वाईट असते, तिळासारखी दिसणारी. हिच्या हातावरचे खरखरीत डाग तर अधूनमधून गोठवून काढतात. नायट्रोजन, उणे 196 अंश! आपण चामखीळ जाळतो, ते गोठवतात."

"एवढं कशाने हो?"

"तरुणपणी समुद्रावर खोबरेल चोपडून पडायच्या या मुली, तासन्तास. काळं व्हायला! आपण डोक्याला लावतो ते खोबरेल, आणि आपली धडपड गोरं व्हायची."

"मग आता तरी जपत असेल."

"कसलं जपतेय! दाराशी सनस्क्रीनची ही मोठी बाटली, दाबायच्या पंपाची. आपल्याकडे चपलांच्या शेजारी छत्री असते तशी. त्यावर तिकडे जीएसटीसुद्धा माफ. आणि लावते किती? कुंकवाएवढं! तेही गालाला. एकेका हाताला चमचाभर लागतं, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, आणि दोन तासांनी पुन्हा. नातवाच्या शाळेतल्या पत्रकात लिहिलं होतं. कान आणि मान तर ही विसरतेच. बागेत जाताना टोपी नाही. का, तर 'पाचच मिनिटं.' मी घड्याळ लावून बघितलं. गुलाब छाटता छाटता पन्नास मिनिटं झाली."

हे ऐकून मला आमच्या घरातली मधुमेहाची 'एकच' जिलेबी आठवली. ती ज्यांची, ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. तिथूनच आवाज आला, "त्या ऑस्ट्रेलियन क्रिकेटवाल्या रिची बेनॉचं तेच झालं."

हे क्रिकेटवर बोलायला लागले की आम्ही दोघी वाटाणे सोलतो, पण काल ऐकलं. बेनॉला 2014 मध्ये कपाळाला आणि डोक्याला कातडीचा कॅन्सर निघाला, आणि 2015 च्या एप्रिलमध्ये तो गेला. लहानपणी त्याचा देव कीथ मिलर. मिलर मैदानात टोपी घालत नसे, म्हणून याने घातली नाही. आजार निघाल्यावर त्याने स्वतःच हे सांगितलं, आणि तरुणांना टोप्या घालायला सांगितलं.

"बघा! कोणाचं बघून काय," वहिनी म्हणाल्या. "ही म्हातारी म्हणते, तिच्या लहानपणी कोणी सांगितलंच नाही. ते नाचरं सीगल पक्ष्याचं कार्टून टीव्हीवर आलं 1981 मध्ये. शर्ट चढवा, मलम फासा, टोपी घाला. तोवर हिची कातडी भाजून झाली होती. नातवाची पिढी मात्र तयार. टोपी विसरली तर मधल्या सुट्टीत सावलीत बसायचं. 'नो हॅट, नो प्ले.' तिकडे पावसापाण्याबरोबर यूव्हीचा आकडाही सांगतात. तीन झाला की अंग झाकायचं. गार वारं सुटलेलं असतं, आभाळ असतं, तरी आकडा वरच. कातडीला चटका बसत नाही म्हणून ऊन नाही असं नसतं."

तेवढ्यात त्यांची भाची स्कूटरवरून आली. सनकोट, हातमोजे, डोळे सोडून सगळ्या तोंडाला स्कार्फ. सिमेंटच्या जाहिरातीसारखी मजबूत.

"हिला बघितलं असतं तर तिकडच्या डॉक्टरने हार घातला असता," मी म्हटलं.

"घातला असता, पण ही झाकते काळी पडू नये म्हणून! ज्याने झाकायचं तो तिकडे उघडा फिरतोय." वहिनींनी पळीनेच गल्लीकडे दाखवलं.

सकाळची शाळा सुटून मुलांची मॅच लागली होती. त्यात कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा, पोरं ज्याला गोऱ्या म्हणतात तो. जन्मापासून अंगात रंग नाही. केस, पापण्या, सगळं कणसाच्या तुऱ्यासारखं. उन्हात डोळे मिटमिटतात, चेंडू उशिरा दिसतो, म्हणून कायम अंपायर. बारा वाजता भिंतीलगत उभा, अर्ध्या बाह्यांत, मान लालभडक.

"त्याची आई म्हणते, टोपी दिली की दप्तरात कोंबतो. बाकी कोणी घालत नाही ना. डॉक्टरने दिलेलं मलम आठवड्यात संपतं, महाग किती. तिकडच्या गोऱ्यांच्या कातडीत थोडा तरी रंग असतो, याच्यात जवळजवळ नाहीच. मी नातवाची एक जुनी टोपी आणलीय त्याला. घेतली, थँक्यू म्हणाला, आणि गेटाबाहेर पडताच काढली. मी खिडकीतून बघत होते."

"मग?"

वहिनी बोलणार तोच धाडकन चेंडू आला. बाजेच्या पायाला आपटला, दोन पापड्या घेऊन तुळशीकडे गेला. एरवी या बाईने गल्ली डोक्यावर घेतली असती. काल त्यांनी शांतपणे चेंडू उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि पुढची पापडी घातली.

गेटाशी पाच-सहा डोकी जमली. "काकू, बॉल."

"टोप्या कुठायत?"

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. टोपी नाही तर बॉल नाही. अंपायरसुद्धा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "काकू, आमच्याकडे नाहीयेत," आणि दुसरा हळूच म्हणाला, "गोऱ्याकडे आहे. भारी आहे, फॉरेनची." गोऱ्याने मान खाली घातली, पण कान टवकारलेले दिसले.

वहिनींनी टोपी मागे सारून व्हरांड्याकडे बघितलं. "भावजी, पेठेत क्रिकेटच्या टोप्या मिळतात ना? मानेवर झडप असलेल्या? डझन घेतल्या तर कमी करेल का हो तो?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला.