भाऊजींची ओढ

ऑकलंडला ताईच्या घरी टीपॉयवर पोलादाचे दोन चकचकीत गोळे ठेवलेले असतात. नवा पाहुणा हमखास एक उचलतो आणि विचारतो, "व्यायामाचा का?" मग भाऊजी घसा साफ करतात आणि ताई चहा टाकायला आत जाते. चहा होतो, निवतो, पुन्हा गरम होतो, तरी भाऊजी पहिल्याच गोळ्यावर असतात.

गाडीमागे ट्रेलर जोडायचा तर हा गोळा लागतो. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला टोपी असते, ती गोळ्यावर बसवून खटका दाबायचा. न्यूझीलंडमध्ये गोळ्याची दोन मापं चालतात, एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, म्हणजे ४७.६ मिलिमीटर, आणि ५० मिलिमीटर. फरक २.४ मिलिमीटरचा, डोळ्यांना अजिबात न कळणारा. मोठी टोपी धाकट्या गोळ्यावर बसल्यासारखी वाटते आणि कुठल्यातरी खड्ड्यात उडते. "पत्रिका न बघता केलेलं लग्न," भाऊजी म्हणतात, "खड्डा येईपर्यंत सगळं छान." हे ते ताईसमोर म्हणतात. एरवी कुणी वस्तू उधार मागितली की कुरकुरणारा माणूस, पण खिशातला व्हर्नियर कॅलिपर काढून पाहुण्याच्या हातात देतो आणि स्वतः मोजायला लावतो.

आता सांगायची गोष्ट अशी, की भाऊजींच्या गाडीला मागे गोळा बसवायची सोयच नाही.

गाडी टोयोटा अ‍ॅक्वा. जपानमध्ये वापरून मग बोटीने इकडे आलेली, छोटी, हायब्रिड. दीड लिटरचं इंजिन आणि विजेची मोटर मिळून १०० अश्वशक्ती. सकाळी चालू केली की एक बाई जपानीत काहीतरी बजावते. तिकडच्या टोलचं कार्ड यंत्रात घातलेलं नाही एवढंच ती सांगत असते, हे आम्हांला दोन वर्षांनी कळलं. तोवर भाऊजी रोज तिला "हो हो" म्हणत होते; अजूनही म्हणतात. हीच गाडी दुसऱ्या देशांत प्रियस सी नावाने विकली गेली. तिची इंग्रजी पुस्तिका भाऊजींनी मिळवली आणि पोथीसारखी वाचली. ट्रेलर ओढण्याची शिफारस आम्ही करत नाही, असं तीत स्वच्छ लिहिलंय. दुसऱ्या कुणी तिथेच विषय मिटवला असता. भाऊजींचा तिथून सुरू झाला.

त्यांनी २०० पानी वही घातली. भोसरीच्या कारखान्यात तपासणी खात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, तेव्हा रकाने आखून घेतल्याशिवाय हात चालत नाही. छपरावरच्या आडव्या दांड्या: चौकोनी घेतल्या तर वाऱ्यात शिट्टी वाजते, पंखासारख्या चपट्या घेतल्या तर महाग, आणि दोन्हींचं वजन छपराच्या क्षमतेतूनच वजा. छपरावरची पेटी: मायलेज खाते, शिवाय गॅरेजच्या दाराला थटेल. सायकलींचा स्टँड: मागची नंबरप्लेट झाकतो, म्हणजे स्टँडवर लावायला सरकारकडून जादा प्लेट मागवायची. त्या प्लेटची चौकशी त्यांनी पूर्ण केली. घरात सायकल एकही नाही.

अशा माणसांना वस्तू नको असते. त्यांना वस्तू घेण्याच्या अलीकडचा मुक्काम हवा असतो. वस्तू घेतली की ती गंजते, तिचा स्क्रू हरवतो, ती शेजारी मागून नेतो. वहीतली वस्तू कायम कोरी करकरीत. ते दोन गोळेसुद्धा स्वस्तात मिळाले म्हणून, आणि मुख्यतः मोजायला, घेतलेले. पैकी ५० मिलिमीटरचा ताई सुंठ फोडायला वापरते. त्यावरून एकदा घरात फार मोठ्याने बोलणं झालं होतं. सुंठ फोडल्याबद्दल भाऊजींची तक्रार नव्हती. "ओरखडा पडला की माप बदलतं," एवढंच त्यांचं म्हणणं.

शेजारच्या माणसाकडे डबल कॅबची दणकट गाडी आणि पिंजऱ्याचा ट्रेलर आहे. तो बिचारा वर्षभर सांगतोय, गाडीसकट घेऊन जा, किल्ली पायपुसण्याखाली असते. भाऊजींनी ट्रेलर नेला नाही, पण अभ्यासला. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गोळ्यावर पडावा असा संकेत आहे. कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. हे वजन मोजायला ताईचा न्हाणीघरातला वजनकाटा नेला. ट्रेलरच्या पुढच्या चाकाखाली तो सरकवून भाऊजी ओणवे होऊन आकडा वाचतायत, शेजारी बिअर घेऊन पायरीवर बसलाय, आणि टॉवेल गुंडाळलेली ताई खिडकीतून विचारतेय, "काटा कुठेय माझा?" हा प्रसंग मी कुंपणापलीकडून पाहिला आहे.

गंमत अशी, की या माणसाला मी पुण्यापासून ओळखतो. चेतक स्कूटरवर पायांमधल्या जागेत गॅसचा सिलिंडर, पुढे उभा मुलगा, मागे ताई आणि तिच्या मांडीवर कुकर, असे हे कोथरूडला यायचे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवानी दार आणलं तेही स्कूटरवरच. मी मागे बसून दार आडवं धरलं होतं. लक्ष्मी रोडवर एका पोलिसाने हात दाखवला. भाऊजींनी दारामागून त्याला नमस्कार केला आणि निघून आलो. त्या दिवशी चेतकची पुस्तिका काय म्हणते हे आम्हांला ठाऊक नव्हतं. चेतकला पुस्तिका असते हेच ठाऊक नव्हतं.

तर ताईला झोपाळा हवा होता. हॅमिल्टनचं एक गुजराती कुटुंब घर आवरून निघालं होतं. सहा फुटी सागवानी पाट, पितळी कड्या. बाई फोनवर म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत नेलात तर तुमचा. दुपारचा एक वाजलेला. शेजारी ट्रेलरसकट मासे पकडायला गेलेला. भाऊजी वही उघडून बसले, तेवढ्यात ताईने गाडीची किल्ली त्यांच्यासमोर वहीवरच ठेवली. काही बोलली नाही. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो, सवय होती.

हॅमिल्टनच्या रस्त्यावर बॉम्बे हिल्स नावाचे डोंगर लागतात. १८६३ साली 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून आलेले लोक तिथे वसले, त्यावरून ते नाव. भाऊजी दर वेळी पाटीला हात जोडतात. या वेळी जोडले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि काटा ९० वर. ट्रेलर जोडलेल्या गाडीला इथे तीच मर्यादा आहे, आणि मनाने भाऊजी गेलं वर्षभर ट्रेलर ओढतच गाडी चालवत होते. मागून एकाने हॉर्न दिला, तेव्हा त्यांनी त्याला नियम सांगितला. काचा बंद होत्या.

पाट मात्र भलताच देखणा निघाला. भाऊजींनी टेप काढला. लांबी १८३, रुंदी ५६, जाडी साडेतीन. मग गाडीत टेप धरला. मग पाटाभोवती एक फेरी मारली, गाडीभोवती एक. यजमान काका छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "ऊपर बाँध लो ना." भाऊजींनी त्यांना दांड्यांच्या शिट्टीबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. का थांबले कोण जाणे. ताई पाटावर हात फिरवत उभी होती, बहुधा म्हणून.

"तू ऊठ," ते मला म्हणाले. आवाज पुण्याचा होता.

मागची अर्धी सीट आडवी झाली. पुढची डावी सीट सरकवून पूर्ण मागे पाडली. पाट डिकीतून आत, एक टोक डॅशबोर्डपाशी, दुसरं मागे वीतभर बाहेर. खाली माझं जाकीट, कडेला ताईची शाल. कड्या पायांशी. डिकीचं झाकण खाली ओढून ताईच्या ओढणीने कुलपाच्या कडीला बांधलं. बांधताना भाऊजींनी ओढणीला एक पीळ दिला. सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो, पीळ दिला की गप्प बसतो. वहीच्या ४१व्या पानावर आहे ते. ताई उजव्या बाजूला मागे बसली. मी उरलो. यजमानांनी मला बसस्टँडवर सोडायचं कबूल केलं.

"थांबा," भाऊजी एकदम ओरडले. मला वाटलं, पुणं संपलं, परत वही आली. त्यांनी दार उघडलं आणि वाकून ताईची पर्स उचलली. या गाडीत मागच्या सीटखाली बॅटरी असते आणि तिला थंड हवा घेण्याची जाळी सीटच्या कडेला. ती झाकली तर बॅटरी तापते. पर्स नेमकी तिथे होती. ती त्यांनी ताईच्या मांडीवर दिली, जिथे पूर्वी कुकर असायचा.

मी बसने रात्री साडेनऊला पोचलो. पाट भिंतीला टेकून उभा होता, एक ओरखडा नाही. ताई फोनवर बहिणीला फोटो पाठवत होती. भाऊजी टीपॉयपाशी वही घेऊन बसलेले. दोन्ही गोळे पानं उडू नयेत म्हणून दोन कोपऱ्यांवर. मी मान वाकवून वाचलं. नवीन रकाना आखला होता. वर लिहिलं होतं: 'ओढणी.' खाली: 'सुती, अडीच मीटर. हॅमिल्टन ते ऑकलंड, आवाज नाही. क्षमता पाहणे.'

"ताईकडे अजून किती आहेत रे?" त्यांनी हळूच विचारलं, आणि खिशातून कॅलिपर काढला.