उन्हाळी पाखरांच्या साक्षी : वाशिम जिल्ह्यापुरता एक प्रबंध

मृग लागण्याआधी वाशिमच्या शिवारात पावसाविषयी जे पुरावे गोळा होतात, ते बहुतांशी पंखवाल्यांचे असतात. त्यांची छाननी करणे एवढाच या प्रबंधाचा हेतू.

पहिला साक्षीदार पावशा. पारा 42 च्या पुढे गेलेला असताना हा 'पेरते व्हा' म्हणून सुटतो. कृषी खाते सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका आणि जूनआधी कपाशी लावूच नका. पूर्वपक्ष असा की, पाखराला आभाळातले कळते. उत्तरपक्ष : पावशा घरटे बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडे टाकून मोकळा होतो. ज्याने स्वतः कधी संसार मांडला नाही, त्याने लोकांना पेरणी शिकवावी, हे व्याख्यानमालेत खपते, वावरात नाही. शिवाय त्याचे आवडते खाद्य अळ्या. म्हणजे सल्लागाराचे हितसंबंध गुंतलेले!

दुसरा साक्षीदार राखाडी, बोटाच्या पेराहून लहान आणि निशाचर : गुलाबी बोंडअळीचा पतंग. मागल्या हंगामाच्या पऱ्हाटीतून तो मे-जूनमध्ये बाहेर पडतो. तेव्हा शेतात कपाशीची पाती-फुले नसली, तर त्याचा वंश तिथेच खुंटतो. पावशाचे ऐकून मे महिन्यात कपाशी लावणारा मात्र त्याची पुढची सोय करून ठेवतो. पावशा आणि पतंग यांची मिलीभगत असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुरावा अर्थातच परिस्थितीजन्य.

टिटवीचा संप्रदाय आकडेवारीचा. जितकी अंडी, तितके महिने पाऊस. टिटवी बहुधा चार अंडी घालते आणि पावसाळाही चार महिन्यांचा, त्यामुळे हा अंदाज सहसा हुकत नाही. उंचवट्यावर अंडी दिसली तर भरपूर पाऊस, खोलात दिसली तर ओढ, असे पोटनियम आहेत. मे महिन्यात पाणी मागे सरलेल्या अडाण धरणाच्या काठी उंच-खोल दोन्ही जागा मुबलक. अभ्यासकाने आपल्या पिकाला सोयीची निवडावी.

उरली फुलपाखरे. ओल्या मातीवर दाटीने बसून ती क्षार शोषतात. या बैठकीला जवळजवळ सगळे नरच असतात, त्यावर भाष्य नको. भविष्याविषयी ती चकार शब्द काढत नाहीत. भर उन्हात संत्र्याच्या बागेत लिंबू फुलपाखरांचा घोळका जमिनीवर बसलेला दिसला, तर मालकाने आभाळाकडे न पाहता ठिबकची नळी तपासावी. ती तिथेच फुटलेली असते.