बर्फात घसरायला निघालेलं बिऱ्हाड

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या बरं. कपडे पळून जात नाहीत. आमचं गुलमर्गचं ठरलंय. म्हणजे भाऊजींनी ठरवलंय आणि आम्ही निस्तरतोय!

छे हो, नुसते फोटो काढायला नाही. स्कीइंग! पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरलं तरी सासूबाई गोणपाट टाकायला लावतात, आणि आता पैसे मोजून घसरायला निघालोय.

पहिली वादावादी तारखांवरून. मे महिन्यात शाळा बंद, पण तेव्हा तिथे कुठलं स्कीइंग? दिवाळीतही तेच. नाताळात सुट्टी असते, पण बर्फाचा भरवसा नाही. तिकडे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलान’ म्हणतात, कडाक्याची थंडी. बर्फाचा थर नीट बसतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. आणि जानेवारीत आमच्याकडे काय? हळदीकुंकू! रथसप्तमीपर्यंत सासूबाई उंबरा सोडत नाहीत. पुढच्या वर्षी म्हणावं तर मोठीची दहावी, म्हणजे मग घरात टीव्हीसुद्धा बंद. शेवटी संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी वाण वाटून टाकायचं आणि महिनाअखेरीला निघायचं, असं झालं.

तरी धाकधूक आहेच. २०२४च्या भर जानेवारीत गुलमर्गची कुरणं कोरडी ठाक होती, फोटो आले होते बघा पेपरात. आणि २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांवर जो हल्ला झाला, त्यानंतर माझी आई तर काश्मीरचं नाव काढलं की फोनवर गप्पच होते. म्हणून मी ह्यांना म्हटलं, चार पैसे जास्त जाऊ देत, पण विमानाची तिकिटं रद्द करता येतील अशीच काढा.

आता जाऊबाईंचं ऐका. त्यांना पाच दिवसांत दल सरोवर, सोनमर्ग, पहलगाम आणि जाता जाता गुलमर्ग! मी म्हटलं, मग शिकणार कधी? पहिला दिवस ते बूट चढवण्यातच जातो. टणक प्लॅस्टिकचे, नडगी पुढे दाबून धरणारे. चालायला लागलं की वाटतं, दोन्ही पाय पोळपाटाला बांधलेत. मग थांबायला शिकवतात. फळ्यांची टोकं जवळ आणायची, टाचा फाकवायच्या. पडणं आपोआप जमतं, उठायलाच शिकावं लागतं. बरं वळता यायला आणखी दोन-तीन दिवस. तेव्हा चार रात्री गुलमर्गलाच मुक्काम, बाकी सगळं पुढच्या खेपेला. जाऊबाई दोन दिवस बोलत नव्हत्या. असो.

भाऊजींची अक्कल त्याहून वरची. त्यांना गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, दोन्ही टप्प्यांची तिकिटं हवीत. आधी कोंगडूरी, मग अफरवाट, तिथून घसरत खाली! अहो, गुलमर्गच आपल्या कळसूबाईपेक्षा हजारभर मीटर उंच. कळसूबाई १,६४६ मीटर, हे २,६५० च्या आसपास. अफरवाटचं वरचं ठाणं जवळजवळ चार हजारांवर. तिथून उतरणारे मुरलेले असतात. त्यांनासुद्धा सांगतात की राखलेल्या उताराबाहेर जाऊ नका, हिमकडा कोसळतो. नवशिक्यांनी खाली सपाटीजवळच्या बारक्या उतारावर लोळायचं. मी स्पष्ट सांगितलं, वर जायचं ते बसून, आणि खाली यायचं तेही बसूनच!

आमचा धाकटा मात्र पेटलाय. २०२२च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकटाच खेळाडू होता ना, आरिफ खान? तो त्याच भागातला. धाकट्याने कपाटावर चित्र चिकटवलंय आणि दिवाणखान्याच्या फरशीवर मोजे घालून सराव चाललाय. फुलदाणी गेली. लग्नातली होती, तशी मला कधीच आवडली नव्हती.

सासूबाई? त्या येणारच! गुडघे दुखतात, पण स्लेजवर बसवून ओढणारे असतात म्हटल्यावर तयार झाल्या. खरं आमिष वेगळंच. टेकाडावरचं ते शंकराचं महाराणी मंदिर. ‘आप की कसम’मध्ये राजेश खन्ना-मुमताजचं भांगेचं गाणं आहे ना, तिथलंच. आता २०२४च्या जूनमध्ये ते आगीत जळलं, हे त्यांना सांगायचं कुणी? ह्यांना म्हटलं, तुमची आई, तुम्ही सांगा. हे म्हणतात, तिथे गेल्यावर बघू.

आणि हो, तुमच्याही कामाचं सांगते. आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. जीन्स तर मुळीच न्यायची नाही. एकदा भिजली की वाळत नाही आणि पाय गारठतात. आत लोकरीचं, वरून पाणी न शिरणारं. बूट, फळ्या तिथेच भाड्याने मिळतात. बर्फ जास्त असला तर तंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीत बसायचं, तिथून वर तेरा किलोमीटर.

बरं, हाक मारली होती ते राहिलंच. तुमच्या टोरांटोच्या लेकाने तो फुगीर कोट ठेवलाय ना तुमच्याकडे? ह्यांना पोटावर बसेल असा एकही मिळत नाहीये. काय म्हणता, कोपऱ्यावरच्या जोशीकाकांनी नेला? कुठे, माथेरानला? डिसेंबरात?? वहिनी, आजच मागून घ्या हो!