निष्ठेची मोजदाद

नोकराच्या इमानाचा अदमास पूर्वी धनी त्याच्या वर्तनावरूनच घेत असे; गल्ल्यातली शिल्लक जुळली आणि मालक परगावी असतानाही दुकान वेळेवर उघडले, की त्या विषयात अधिक संशोधनाची कोणास गरज भासत नसे. ही ढिलाई अमेरिकेतील माउडे, स्टीअर्स आणि पोर्टर या विद्वानांस मानवली नाही. त्यांनी 1979 साली पंधरा विधानांची एक प्रश्नावली रीतसर कसोटीस लावून प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानापुढे 1 ते 7 पैकी एका आकड्यावर खूण करावयाची. त्यांतली सहा विधाने मात्र बुद्धिपुरस्सर उलटी योजलेली, जेणेकरून डोळे मिटून ‘होय, होय’ म्हणत जाणारा इसम तेथल्या तेथे सापडावा. (असा इसम आमच्याकडे बढतीच्या यादीत सापडतो, ही वार्ता त्यांच्या कानी गेली नसावी.)

पुढे लिंकन आणि कॅलबर्ग या समाजशास्त्रज्ञांनी इंडियानापोलिस आणि जपानातील अत्सुगी या दोन मुलखांतील कारखान्यांतून कामगारांची अशीच झडती घेतली. जपानी कामगाराच्या स्वामिनिष्ठेचे पोवाडे त्या काळी अवघे जग गात होते. परंतु उत्तरे तपासता ती निष्ठा अमेरिकनांहून काही सरस ठरली नाही, आणि समाधानाच्या रकान्यात तर अत्सुगीकर बरेच खाली उतरले. उघड आहे! स्वतःविषयी चांगले बोलणे जेथे असभ्यपणाचे समजतात, तेथला गृहस्थ रात्री उशिरापर्यंत यंत्रापाशी उभा राहील, पण पेन्सिल हाती येताच संकोचून चारच्या आकड्याभोवती घुटमळेल. उलट दुसरा एखादा उमदा गडी सातावर ठसठशीत खूण करून त्याच आठवड्यात राजीनामाही देईल.

1991 साली कॅनडातील मेयर आणि ॲलन यांनी निष्ठेच्या तीन जाती ठरविल्या: प्रेमाची, खाल्ल्या मिठाला जागण्याची, आणि नोकरी सोडल्यास होणाऱ्या नुकसानीच्या हिशेबाची. पेन्शनीस चार वर्षे उरलेल्या कोणत्याही कारकुनाने तिसरी जात प्रथम सांगितली असती.

हल्ली हे मापन आमच्याही कचेऱ्यांत अवतरले आहे. छापील कागदाच्या शिरोभागी ‘नाव लिहू नये’ अशी उदार सूचना असते आणि तिच्याखालीच खाते, हुद्दा व रुजू झाल्याची तारीख यांचे रकाने. सर्व खाते एकमुखाने सातावर असता एखादा भाबडा चारावर खूण करून बसतो, आणि दुसऱ्या दिवशी मोठे साहेब त्यास अगत्याने आत बोलावून त्याच्या प्रकृतीची विचारपूस करतात.