राघोबादादा, झोपाळा आणि चोकअप

त्या पावसाळ्यात चौथ्यांदा मोरीतलं पाणी वर आलं, तेव्हा मी नोटीस लिहायला बसलो. चोकअपवाल्याला फोन बायकोने केला. माझा साहित्यावर जास्त भरवसा.

नोटिशीचा मथळा होता 'सांडपाणी आणि संस्कार'. चहाचा चोथा, खरकटं, केसांची गुंतवळं अशा सगळ्यांचा समाचार घेऊन शेवटी 'वरच्यांनी सोडावे आणि खालच्यांनी भोगावे काय?' असा सवाल टाकला होता. रोख दुसऱ्या मजल्यावर होता. त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे, तेव्हा बाळाचे ओले वाइप्स तेच लोक संडासात टाकतात, हे मी पुराव्याची वाट न पाहता ठरवलं होतं. नोटीस लिफ्टशेजारी लावली आणि लोक वाचतात का ते बघायला दिवसातून चारदा लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. आम्ही तळमजल्यावर राहतो. लिफ्टचं मला एरवी काही काम नसतं.

मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर राहण्याचं एकमेव सुख म्हणजे अंगण. सोसायटीच्या कागदोपत्री त्याला 'मोकळी जागा' म्हणतात, आम्ही अंगण म्हणतो. गेल्या दिवाळीआधी मी तिथे लाल-पांढऱ्या नक्षीच्या टाइल्स बसवून घेतल्या आणि वर पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा मांडला. पाहुणे आले की मी झोपाळ्यावरूनच बोलतो. पाय जमिनीवर टेकलेले नसले की मला मतं चांगली सुचतात.

चोकअपवाला आला. पस्तिशीचा असेल. खांद्यावर बांबूच्या चिरलेल्या लांब कामट्या.

"काका, चेंबर कुठाय?"

"आमच्याकडे चेंबर नाही."

"असं कसं? लाइन वळते तिथं चेंबर असतंच."

वळण हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. कमोडखालचं ते वाकडं वळण असतं ना, त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. त्याचं पेटंट १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतलं. आता १७७५ म्हटल्यावर मराठी माणसाला घड्याळजी कशाला आठवेल? राघोबादादा आठवतात. त्याच वर्षी मार्चमध्ये दादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईच्या गादीपायी साष्टी आणि वसई देऊन टाकायचं कबूल केलं. साष्टी म्हणजे तरी काय? अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि आमचं मुलुंड! ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच घेतला होता. तहात फक्त शाई लागली. म्हणजे बघा, ज्या वर्षी माझं अंगण इंग्रजांच्या नावे लिहिलं जात होतं, त्याच वर्षी तिकडे माझ्या संडासाचा आकार ठरत होता. एकाच सालात त्यांनी नळही वाकवला आणि दादांनाही. पुढे १७८२च्या सालबाईच्या तहात वसई आपल्याला परत मिळाली, साष्टी नाही मिळाली, आणि त्याला कारण...

हे सगळं मी चोकअपवाल्याला सांगत होतो. तो कामटीला कामटी बांधत मुकाट ऐकत होता. सालबाईपर्यंत त्याच्या तीन गाठी झाल्या होत्या.

"हा झोपाळा कधी बसवला?" त्याने विचारलं.

झोपाळा बाजूला ओढला. त्याने पहारीच्या टोकाने एकेक टाइल वाजवत नेली. टक, टक, टक आणि मग ढब. चार टाइल्स फुटल्या. खाली चेंबरचं झाकण होतं. आठ-नऊ महिने मी त्याच्यावर बसून देशाच्या परिस्थितीबद्दल बोलत होतो.

चेंबर चारेक फूट खोल आणि काठोकाठ भरलेलं. कामटी आत गेली आणि पुढे कशाला तरी अडली. तो रेटत होता, फिरवत होता, घाम पुसत होता. पाऊण तास झाला. आणि मी म्हणालो, "भाऊ, जरा आत उतरून बघता का?"

त्याने हात थांबवले. "तुम्ही उतरा काका. मी वरून कामटी देतो."

रागाने म्हणाला नाही. कामाची वाटणी सांगावी तसं म्हणाला.

गटारात माणूस उतरवण्याविरुद्धचा २०१३चा कायदा मला ठाऊक आहे. आत मेलेल्या माणसाच्या घरच्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवली, हे आकडे मी याच झोपाळ्यावरून, आवाज जड करून, पाहुण्यांना ऐकवले आहेत. आणि तरी ते वाक्य माझ्या तोंडून सहज गेलं, कुणाला पंखा लावायला सांगावं इतकं सहज.

"वास येतोय तोवर घाबरायचं नाय," तो कामटीच्या टोकाला लोखंडी आकडी बांधत म्हणाला. "वास यायचा बंद झाला की पळायचं. चुलत्याला आमच्या ते कळलं नाही."

मी काही बोललो नाही. मला गप्प बसता येतं, हे बायकोला त्या दिवशी कळलं.

आकडीला शेवटी काहीतरी लागलं. गुडगुड आवाज झाला, पाण्याने भोवरा धरला आणि आमच्या बिल्डिंगचं सगळं संचित भांडुपच्या दिशेने निघालं. तिथल्या पंपिंग स्टेशनपाशी मी हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो. पंपिंग कशाचं, हे फोटोत येत नाही.

वर आला तो नारळाएवढा सिमेंटचा गोळा. केस गुंडाळलेला. त्याने त्याच्यावर बादलीभर पाणी मारलं. गोळ्यात टाइलचा एक तुकडा रुतलेला होता. लाल-पांढरी नक्षी. टाइलवाल्याने उरलेला माल चेंबरात लोटून वरून फरशी बसवली होती. 'ते झाकण दिसता कामा नये' असं त्याला बजावलं होतं मी. वाइप्स? एकही नाही. मी वाकून वाकून पाहिलं.

बायकोने चहा आणला. मी त्याला म्हणालो, "बसा ना झोपाळ्यावर."

"नको काका, कपडे घाण आहेत."

मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. खरं सांगतो, हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. पण हायसं आधी वाटलं.

एवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाळाची आई आली, बाळ कडेवर. "काका, काय निघालं हो?"

माझा पाय आपोआप गोळ्यावरच्या नक्षीवर गेला. चोकअपवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

"मुळं, ताई," तो वर बघून म्हणाला. "झाडाची मुळं."

पैसे त्याने ठरले होते तेवढेच घेतले.

नोटीस अजून लिफ्टशेजारीच आहे. काढली तर लोक कारण विचारतील. फक्त 'गुंतवळं' मधला गु चुकून दीर्घ पडला होता, तो काल जाऊन ऱ्हस्व करून आलो.