थंडीनं गेली म्हणे

गाडी चालवता येणारे लोक गल्लोगल्ली सापडतात. बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, आत बघत उभं राहता येणं ही मात्र साधना आहे. मान जराशी तिरकी, कपाळावर एकच आठी आणि अधूनमधून एक गंभीर 'हं'. या 'हं'वर मी आमच्या सोसायटीत बरंच नाव कमावलं आहे. कुणाची स्कूटर नुसती खोकली तरी मला खाली बोलावतात. मी 'हं' म्हणतो. मग ते गॅरेजवाल्याला बोलावतात.

त्यामुळे ऐन डिसेंबरात माझीच गाडी सुरू होईना, तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला थोडं स्फुरणच चढलं. किल्ली फिरवली की नुसतं 'कट-कट-कट-कट'. आता या आवाजांचं एक शास्त्र आहे. एकच 'टक्' होऊन पुढे सगळं गप्प झालं, तर स्टार्टर किंवा त्याचा सोलेनॉइड अडला, नाहीतर कुठेतरी जोड ढिला. भराभर 'कट-कट' म्हणजे सोलेनॉइड ओढू बघतोय, पण बॅटरीत दम नाही. इंजिन कण्हत कण्हत फिरलं तरी संशय बॅटरीवरच. आणि इंजिन झोकात फिरतंय पण पेट घेत नाही, तर पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. एवढं सगळं मला तोंडपाठ आहे. तरी जमलेल्या मंडळींकडे वळून मी एकच शब्द उच्चारला, "थंडी."

कारण 'बॅटरी गेली' हे निदान फार किरकोळ. त्यात दुकानदार येतो, बिल येतं. थंडीत हवामान खातं येतं. शिवाय आम्हा नाशिककरांना थंडीचा अभिमान असतो, आणि तोही उसना. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात निफाडचा पारा मोजतात, पेपरात तो छापून येतो आणि आम्ही तो घरचाच असल्यासारखा पुण्याच्या पाहुण्यांना ऐकवतो. त्या सकाळी छापून आलेला आकडा होता 6. सहा अंशांत बंद पडलेली गाडी म्हणजे जवळजवळ हिमालयातली मोहीम.

"पण हॉर्न वाजतोय की," दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले. त्यांनी तो वाजवूनही दाखवला. दिवे लागले, हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी ठणठणीत, असा हा लोकप्रिय सिद्धांत आहे. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअरवर भागवतो; स्टार्टरला इंजिन फिरवायला शंभराच्या वर लागतात. भिंतीवर हेडलाइट टाकून किल्ली फिरवावी. उजेड एकदम मरगळला तर दुखणं बॅटरीचं किंवा तिच्या जोडांचं; उजेड तसाच लख्ख राहिला तर स्टार्टरकडे बघावं. आमचा उजेड पार गेला. मॅनेजरसाहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, "फ्यूज."

इथे मला चोकबद्दल बोललंच पाहिजे. मुद्द्याशी त्याचा संबंध नाही, पण गाडी सुरू होईपर्यंत आपल्याला वेळ आहे. वडिलांच्या पद्मिनीला चोक होता, माझ्या पहिल्या मारुती आठशेलाही होता. गार हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून कार्बोरेटरची हवा कोंडायची, म्हणजे पेट्रोल जास्त ओढलं जातं. त्या मुठीचं काम एवढंच. पण ती किती ओढायची, हे आमटीतल्या मिठासारखं ज्याच्या त्याच्या हाताला ठाऊक. कमी ओढली तर इंजिन एकदा शिंकून गप्प. जास्त ओढली की गाडी 'ओव्हर', प्लग ओले आणि पेट्रोलचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. मग आतून आईचा आवाज येई, "केलीत ना ओव्हर?" मग चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर पार तळाशी आणि बॅटरीच्या जिवावर सेल्फ मारत राहायचं. वडील चोक ओढताना डोळे मिटत. मागच्या सीटवर आम्हा भावंडांना तेवढा वेळ श्वासही मोठ्यानं घ्यायची बंदी. इंजिनानं पेट घेतला की मूठ एकदम आत ढकलायची नाही. इंजिनाचा कल बघत, थोडी थोडी. कुणाची गाडी चोक तसाच ठेवून काळा धूर सोडत पुढे गेली की वडील म्हणत, "शिकाऊ दिसतोय." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत जहाल शिवी.

2000 च्या आसपास इंजेक्शनची इंजिनं आली आणि चोक गेला. आता इंजिनातल्या पाण्याचं तापमान सेन्सर बघतो, पेट्रोल किती वाढवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. चालकाच्या वाट्याला उरली किल्ली. हल्ली तर तीही जाऊन बटण आलंय. मी अजूनही किल्ली फिरवण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबतो. त्यानं काडीचा फरक पडत नाही हे मला माहीत आहे. गाडीलाही माहीत आहे. पण बघणाऱ्यांना माहीत नसतं.

असो. शेवटी गॅरेजवाल्या पोराला फोन लावला.

"काका, आवाज कसा येतोय?"

मी पार्किंगच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "कट-कट-कट-कट."

"सावकाश की भराभर?"

"कटकटकटकट!"

"मधे घुर्र होतंय का?"

मी घुर्र करून दाखवलं, मग न घुर्र होणारं करून दाखवलं. आवाजाला एक भारदस्तपणा आला होता, हे मलाच जाणवत होतं. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. पलीकडून "अजून एकदा करा काका" अशी फर्माईश आली, तेव्हा त्यानं फोन स्पीकरवर टाकल्याचं माझ्या ध्यानात आलं. गॅरेजातली सगळी पोरं ऐकत होती.

तो येईपर्यंत धक्का मारायचं ठरलं. दुसरा गिअर, क्लच दाबून, मी स्टिअरिंगवर. मागे रात्रपाळीचे वॉचमनकाका. आरशात मला त्यांचे हात दिसले. हातमोजे नव्हते; दोन्ही हातांत पायमोजे घातले होते, एक निळा, एक शाळेच्या गणवेशातला पांढरा. गाडीनं फाटकापर्यंत जाऊन दोन आचके दिले आणि ती थांबली. निफाडच्या पाऱ्यावर एवढा वेळ घोळ घालणाऱ्या आमच्यात तो पारा रात्रभर अंगावर घेतलेला माणूस हा एकच, आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. फरशी काळी पडते म्हणून त्यांची शेकोटी सोसायटीनं ठराव करून बंद केली आहे. निफाडात या दिवसांत द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्री शेकोट्या पेटवतात. माझ्या गाडीला अस्तराचं कव्हर आहे. काकांना त्या सकाळी गरम चहा मिळाला तो तळमजल्यावरच्या काकूंनी आठवणीनं आणला म्हणून. आम्ही तेव्हा टर्मिनलवरच्या पांढऱ्या भुकटीवर चर्चा करत होतो.

पोरगा आला. खिशातून मल्टिमीटर काढून त्यानं टर्मिनलना टेकवला. 11.7. चांगली बॅटरी निवांत असताना 12.6 च्या आसपास दाखवते. मग त्यानं आपली बॅटरी केबलनं जोडली, मला किल्ली फिरवायला सांगितली, आणि गाडी अशी सुरू झाली, जणू तिला काही झालंच नव्हतं. मी अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबला होता, हे नमूद करतो.

"थंडी फार आहे ना," मी म्हणालो.

"थंडीनं नाही गेली काका. मे महिन्यातच गेलीय ही."

त्याचं म्हणणं खरं होतं, हीच अडचण. बॅटरीला मारतो उन्हाळा. तापलेल्या बॉनेटखाली आतलं पाणी आटतं, प्लेटा झिजतात. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि उन्हाळ्यातलं दुखणं चव्हाट्यावर येतं. थंडीवर नुसताच आळ.

"तुमच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर हेच म्हणाले होते," बाल्कनीतून आमची ही म्हणाली. पोरांनी फोनवर ऐकलं नसेल एवढं तेव्हा अख्ख्या पार्किंगनं ऐकलं.

जुनी बॅटरी परत घेऊन नवीवर थोडी सूट मिळाली. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मी टाकलं : 'नाशकात कडाका. गाडी गोठली.' पुण्याहून हळहळ आली, मुंबईहून हात जोडलेले आले. मग विनिपेगच्या भाच्यानं फोटो पाठवला. पार्किंगमध्ये गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या नाकातून एक वायर लोंबतेय आणि समोरच्या सॉकेटात खोचलेली. रात्रभर इंजिनाला हीटर. खाली लिहिलं होतं : 'मामा, इथे आज उणे 29. तुमच्याकडे किती?'

मी बराच वेळ विचार केला आणि उत्तर पाठवलं : 'ते राहू दे. तुमच्याकडे द्राक्षं होतात का?'