जोडणीचे अव्वल कारकून

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आमच्या नंदुरबारात प्रत्येक आळीला एक तरी सापडतात. त्यांपैकी ज्यांना मुलाने टॅब घेऊन दिला आहे, आणि ज्यांचा आवाज अद्याप दप्तरी वळणाचाच राहिला आहे, त्यांना मी ‘जोडणीचे नाना’ म्हणतो. बिनतारी इयरफोन, कीबोर्ड, माउस, असली कोणतीही चीज टॅबशी जोडावयाची असली की आळीतला माणूस थेट नानांचा ओटा गाठतो. वस्तुतः ही यंत्रे एकमेकांना क्षणार्धात ओळखतात. परंतु आपल्या हुकमावाचून त्यांनी परस्पर सलगी करावी, हे नानांना शिरस्त्याविरुद्ध वाटते.

परवा धडगावकडचे एक शिक्षक टॅब घेऊन आले. नानांनी चष्मा पुसला, पडद्यावर उमटलेले सहा अंक लिलावाची बोली पुकारावी तसे एकेक करून पुकारले, गुरुजींकडून ते नव्या कीबोर्डवर उमटवून घेतले, एंटर दाबवले, आणि ओट्यावरच्या दोघा रिकामटेकड्यांना “पाहिलंत ना?” असे विचारून साक्षही उरकली. इयरफोन मात्र जुळेना. तो गुरुजींच्या खिशातील मोबाइलला धरून बसला होता. “आधीचा बोजा उतरल्याशिवाय फेरफार कसा मंजूर होईल, गुरुजी?” असे म्हणून नानांनी मोबाइलचे ब्लूटूथ बंद केले, इयरफोन डबीत ठेवून डबीवरचे बटण दाबून धरले, दिवा लुकलुकला आणि टॅबच्या यादीत नाव हजर झाले. भाषा सातबाऱ्याची, पण इलाज बिनचूक, हे नानांच्या निंदकांनीही कबूल करावे.

ओळख पटविण्याच्या बाबतीत तर त्यांचा अभिमान जिल्ह्याएवढा आहे. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत आमच्याच टेंभलीत वाटली गेली. तेव्हा ओळखीच्या कामी नंदुरबारकरांना कोणी शिकवू नये, असे त्यांचे म्हणणे. फाइली पाठविण्याचीही मीमांसा तयार असते: “क्विक शेअरमध्ये ब्लूटूथ हा नुसता शिपाई. तो हाक मारून माणूस शोधतो. माल वाहून नेतो वाय-फाय.” हेही खरेच आहे.

या ज्ञानाची कसोटी लागली ती नवापूरच्या फलाटावर. हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असून तेथील एका बाकाच्या मधूनच राज्यांची हद्द जाते. त्या बाकाच्या मराठी अर्ध्यावर बसून नानांनी गुजराती अर्ध्यावरच्या व्याह्यांना पुतणीची लग्नपत्रिका पाठविण्यास घेतली. फोनचे मूळ नाव बदलण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. सबब यादीत एकाच नावाचे तीन फोन दिसू लागले. नानांनी त्यांतल्या पहिल्यावर बोट ठेवले. पलीकडून स्वीकृती आली. व्याही मात्र आपल्या कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिले, आणि पलीकडच्या बाकावरचा एक मिरचीचा व्यापारी पत्रिका वाचून “मुहूर्त कितीचा?” म्हणून विचारता झाला.

दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. नाना उठले, त्या गृहस्थांस रीतसर नमस्कार करून म्हणाले, “तामील झालेली नोटीस परत घेण्याची तरतूद नाही. सहकुटुंब यावे.”

व्यापारी सहकुटुंब आला. आहेरात रोख रकमेसोबत लाल मिरचीचे एक पोते होते, आणि जेवण आटोपताच त्याने आपला इयरफोन नानांपुढे ठेवला.